साडेचार रुपयांची पावती

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक भाडेपावती सापडली. साल १९३६, महिना जून, खोली नंबर २७, रुपये चार, आणे आठ. खाली मालकाच्या मेहताजीची घाईघाईतली सही. चाळ लालबागची. आजोबा गिरणीच्या कापडखात्यात दोन साचे चालवायचे. खोली दहा बाय बारा, आत सात माणसं, आणि सबंध मजल्याला मिळून एक नळ.

दुसऱ्या कोणाच्या हाती ही पावती आली असती तर त्यानं ती आठवण म्हणून जपली असती. मी ती हिशोब म्हणून वाचली. त्याला कारण आहे. बत्तीस वर्षं मी एका महापालिकेच्या करनिर्धारण खात्यात काढली. हातात टेप, काखेत रजिस्टर, आणि दारोदार एकच काम: खोली मोजायची, भाडं विचारायचं, त्यावरून करयोग्य मूल्य काढायचं. जुनी पद्धत सोपी होती. वर्षाचं भाडं धरायचं, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. आजोबांच्या खोलीचं वर्षाचं भाडं ५४ रुपये. दहा टक्के वजा जाता उरले ४८ रुपये आणि साडेनऊ आण्यांच्या आसपास. सवयीनं मी हे पावतीच्या मागे पेन्सिलीनं मांडलंसुद्धा.

नोकरीत असताना दारात उभं राहिलं की माणसं एक प्रश्न हमखास विचारायची: "साहेब, आम्ही भरतो, पण मिळतं काय?" सुरुवातीला मी कलमं सांगायचो. नंतर माझं मलाच ते अपुरं वाटायला लागलं. शहरात रस्ता होतो, नळ येतो, गटार बांधलं जातं, हे ठरवतं कोण? पैसे देतं कोण? आणि ठरवणारा व देणारा एकच असतो का? रविवारी ग्रंथालयात बसून मी जुने कायदे, गॅझेटियर, चरित्रं वाचत गेलो आणि मुंबईत अडकलो. कारण हे भांडण आपल्याकडे सर्वांत मोठ्यानं मुंबईतच झालं.

आधी दान होतं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि लोक होड्यांनी जा-ये करत. होड्या उलटत, माणसं बुडत. सरकारकडे पुलासाठी पैसे नव्हते. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. आज माहीमहून वांद्र्याला जाताना ती अट कोणाला आठवत नाही. मला मात्र ती पुलापेक्षा मोठी वाटते. पैसे देणाऱ्या बाईंनी, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या खिशाला हात लावू नका, हे लिहून घेतलं होतं.

पाण्याचंही तसंच. सी. पी. टँक हे नाव आपण घेतो ते कावसजी पटेल यांच्या तळ्यावरून. धोबीतलावाच्या तळ्याशी फ्रामजी कावसजींचं नाव जोडलेलं. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरभर पाणपोया बांधल्या. भायखळ्याच्या गल्लीतल्या तहानलेल्या हमालाला त्यांनी पाणी पाजलं आणि त्यांचं ऋण मी मानतो. पण दानातलं पाणी दात्याला जिथे सुचेल तिथे जातं. वस्ती वाढली, तळी उपसली गेली, आणि १८५० नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत शहराची कोंडी झाली. बाहेरून पाणी आणावं लागलं, गुरं शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. इतक्या मोठ्या तहानेला पाणपोई पुरत नाही. मग १८५६ मध्ये हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार विहारचं धरण सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं. सरकारनं ते बांधलं आणि खर्चाचा बोजा शहराच्या खात्यावर टाकला. तिथून पुढे मुंबईकराचं पाणी हे कर्ज झालं, आणि कर्ज म्हटलं की फेडणारा लागतो.

फेडायचं कोणी, यावरून खरं रण माजलं ते आर्थर क्रॉफर्डच्या काळात.

क्रॉफर्डचं नाव महाराष्ट्राला दोनदा भेटतं. पुढे १८८८ मध्ये लाचखोरीच्या ज्या प्रकरणानं पुणं हादरलं आणि ज्यात टिळक मामलेदारांच्या बाजूनं उभे राहिले, तो हाच क्रॉफर्ड. पण १८६५ मध्ये तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर म्हणून आला तेव्हा झपाटलेला माणूस होता. त्या वर्षीच्या कायद्यानं शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ दि पीस' म्हणवणाऱ्या मानकऱ्यांच्या नावानं केला होता, पण कामाची सगळी सत्ता एका कमिशनरच्या हातात. जस्टिस सरकारनं नेमायचे. कर भरणारा नागरिक या चित्रात फक्त कर भरण्यापुरता.

क्रॉफर्डनं शहर उलथंपालथं केलं, आणि चांगल्या अर्थानं. डॉक्टर ह्युलेट हे आरोग्याधिकारी त्याच्या जोडीला होते. गटारं उपसली, साचलेली घाण हलवली, रस्ते रुंद केले, कत्तलखाना शहरातून वांद्र्याला नेला. १८६९ मध्ये त्याच्या नावाचं मार्केट उभं राहिलं. विल्यम इमर्सनचा आराखडा, दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंगनं केलेली शिल्पं. आपण त्याला आता महात्मा फुले मंडई म्हणतो. माझी आजी लग्नसराईत लालबागहून तिथे ट्रामनं जायची आणि आल्यावर मोसंब्यांचा भाव नव्हे, त्या उंच छताचं वर्णन सांगायची.

पण हे सगळं कोणत्या वर्षांत चाललं होतं ते पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरचं वेड लागलं होतं, आणि युद्ध संपताच १ जुलै १८६५ रोजी तो सगळा डोलारा कोसळला. पेढ्या बुडाल्या, घरमालक कर्जात गेले. नेमक्या त्याच काळात कमिशनर साहेब शहर सुधारत होते, मंजुरीपेक्षा जास्त खर्च करत होते, आणि घरपट्टी वाढत होती. ज्यांच्यावर जप्तीची नोटीस येत होती त्यांना गटाराचा उतार बरोबर आहे की नाही यात रस कसा असेल?

१८७१ मध्ये करदात्यांनी सभा भरवल्या. जस्टिसांच्या बैठकीत जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरचे अधिकार कापण्याचा ठराव आणला. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक अशी माणसं करदात्यांच्या बाजूनं बोलत होती. हवा अशी होती की क्रॉफर्ड गेला की सगळं ठीक होईल.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहा मेहता हा सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर निबंध वाचायला उभा राहिला. सभा क्रॉफर्डवर तापलेली होती आणि याचं म्हणणं भलतंच होतं. क्रॉफर्डनं केलेली कामं गरजेची होती, शहर त्यामुळे निरोगी झालं, असं तो म्हणाला. दोष कमिशनरच्या हातात सत्ता असण्यात नाही. त्या हातावर लक्ष ठेवायची जबाबदारी ज्यांची, ते जस्टिस लोकांना जबाबदारच नाहीत, दोष तिथे आहे. काम एकाच माणसाकडे ठेवा, पण त्याला पैसे किती द्यायचे हे लोकांनी निवडलेल्या सभेनं ठरवावं. लोकांना हे रुचलं नाही, आरडाओरडा झाला. संतापलेल्या माणसांसमोर, चूक तुमच्या शत्रूची नाही, व्यवस्थेची आहे, असं सांगायला फार धैर्य लागतं. दारावर उभं राहून संतापलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, म्हणून या तरुणाबद्दल मला विशेष आदर वाटतो.

क्रॉफर्ड गेला. १८७२ चा कायदा आला, आणि मेहतांनी मांडलेल्या दिशेनंच आला. कार्पोरेशनमध्ये ६४ सभासद. १६ सरकारनं नेमलेले, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि ३२, म्हणजे बरोबर निम्मे, करदात्यांनी निवडलेले. अंदाजपत्रक मंजूर करणार ते सभागृह. कमिशनर काम करणार, पण थैलीची दोरी सभागृहाच्या हातात. पुढे १८८८ चा कायदा झाला, ज्याच्या घडणीत मेहता, तेलंग यांचा हात होता. सभासद ७२ झाले. पुष्कळ दुरुस्त्यांसह मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो. माझ्या टेबलावर त्याची जी प्रत असायची तिची पानं मधल्या करांच्या प्रकरणाला सुटी झाली होती.

आता मतदार कोण, ते पाहू. १८७२ मध्ये वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणारा. १८८८ मध्ये ही मर्यादा ३० वर आली. म्हणजे घरमालक, व्यापारी, वकील, डॉक्टर. भाडेकरू नाही. १९२२ मध्ये भाडेकरूंनाही दार उघडलं, पण महिना १० रुपये भाडं भरणाऱ्यांना. पुढे ती मर्यादा ५ रुपयांवर आली. आता माझ्या हातातली पावती पुन्हा पाहा. चार रुपये आठ आणे. दहाच्या मर्यादेत आजोबा बसत नव्हते, आणि पाचची झाली तरी आठ आण्यांनी बाहेर राहत होते.

इथे कोणी म्हणेल, कर भरतच नव्हते तर मत कशाला? हा युक्तिवाद मी सभ्य, शिकलेल्या माणसांच्या तोंडून नोकरीभर ऐकला आणि तो मला कधीच पटला नाही. बिल मालकाच्या नावावर येत होतं हे खरं. पण मालक ते कुठून भरत होता? खोली नंबर २७ च्या साडेचार रुपयांतून. मी स्वतः चाळींची करआकारणी केली आहे. आकारणीचा पायाच मुळी भाडेकरूनं दिलेलं भाडं. भाडेकरू नसेल तर करयोग्य मूल्यच उभं राहत नाही. मालक फक्त पैसे घेऊन जाणारा हात होता.

आणि दुसरा कर तर याहून झाकलेला. १८८८ च्या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. शहरात येणाऱ्या कोणत्या मालावर किती 'टाउन ड्यूटी' घ्यायची, याची ती यादी. धान्य, साखर, तूप, इमारती लाकूड, सरपण. वाचायला रूक्ष, पण मला ती यादी म्हणजे माझ्या आजीच्या चुलीचं वर्णन वाटते. तांदळाच्या प्रत्येक पोत्याबरोबर, सरपणाच्या प्रत्येक मोळीबरोबर शहराच्या तिजोरीत काहीतरी पडत होतं, आणि ते घालणारी बाई कोणत्याच मतदारयादीत नव्हती. मुंबईत असा एक माणूस दाखवा जो जेवतो पण कर भरत नाही. घरपट्टी दिसते म्हणून घरपट्टीवाल्याला आपण करदाता म्हणतो. तांदळातला कर दिसत नाही म्हणून गिरणीवाल्याला फुकट्या म्हणायची सोय होते.

याच कायद्यातला आणखी एक शब्द मला कधी सोडून गेला नाही. मालमत्तेवरच्या करांत पाणीपट्टी होती, सर्वसाधारण कर होता, आणि 'हलालखोर कर' होता. शौचकूप साफ करणाऱ्या, घरांच्या मागच्या गल्ल्यांतून मैला वाहून नेणाऱ्या माणसांना हलालखोर म्हणत. त्यांच्या कामासाठी कर, म्हणून कराला त्यांचंच नाव. आज बिलावर मलनिःसारण कर असतो, तो त्याचा वंशज. नवा शब्द स्वच्छ आहे, पण त्यात माणूस नाही. जुन्या शब्दात निदान कळत होतं की शहराची ही सुधारणा कोणाच्या डोक्यावरून वाहत जाते. ज्यांचं नाव कराला दिलं होतं त्यांना ना मत होतं, ना चाळीच्या सार्वजनिक नळावर सरळ हात लावायची मुभा.

पुण्याचा एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचे होते आणि स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. लोकांकडून गोळा केलेला पैसा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी जोतीरावांची भूमिका. सभागृहात ते एकटे पडले आणि पैसे खर्च झाले. पण सार्वजनिक पैशाबद्दल सभासदानं कसं बोलावं याचा धडा त्या एकट्या विरोधी मतात आहे. पाण्याबद्दलही त्यांचं असंच होतं. नगरपालिकेत येण्याच्या कितीतरी आधी, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सार्वजनिक हा शब्द त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात खरा केला.

प्लेग आला आणि मुंबईत ठरवणाऱ्यांची एक नवीच जात निर्माण झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगास यांनी पहिले रुग्ण ओळखले. दोन वर्षांत सरकारनं 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' उभा केला. नगरपालिकेच्या आणि सरकारच्या जमिनी त्याच्याकडे दिल्या, दरवर्षी नगरपालिकेनं त्याला पैसे द्यायचे, आणि त्यावर कर्ज काढून ट्रस्टनं दाट वस्त्या फोडायच्या. ट्रस्टच्या मंडळात शहरानं निवडलेले लोक थोडे. मेहतांनी विरोध केला तो यासाठी की पैसा शहराचा आणि निर्णय दुसऱ्याचा. ट्रस्टनं प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. त्या रस्त्यांनी समुद्राचा वारा आत आला हे खरं. पण सुरुवातीला पाडणं आधी आणि बांधणं मागाहून असं झालं, आणि घर गेलेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं कोंबली गेली. हवेशीर रस्त्याची किंमत त्यांनी रोखीनं नाही, जागेनं मोजली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास खातं काढलं. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावून वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. कापूस आणायचा गिरण्यांसाठी, आणि त्यावरच्या करातून गिरणीवाल्यांना घरं. कल्पना म्हणून मला ही आवडते, कारण फायदा कोणाचा आणि भार कोणावर याची सांगड घालायचा तो एक प्रयत्न होता. मात्र याच खात्याच्या बॅकबे भरणीत पैसा इतका वाहून गेला की वीर नरिमन यांनी त्यावर जाहीर आरोप केले आणि ते प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

सांगड घालण्याचा सर्वांत विचारी प्रयत्न मात्र १९१५ च्या नगररचना कायद्यात आहे. वांद्रे, खार, सांताक्रूझला 'टीपीएस रोड' अशा पाट्या दिसतात, त्या याच कायद्याच्या योजनांच्या खुणा. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र धरायचे, त्यातून रस्ता, बाग, शाळा यांची जागा काढायची, आणि उरलेले नीटस भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. कोणाची जमीन थोडी कमी होते, पण रस्त्याला लागल्यामुळे तिचा भाव चढतो. तो चढलेला भाव मालकाच्या घामानं आलेला नसतो, रस्त्यामुळे आलेला असतो. म्हणून वाढीचा निम्मा हिस्सा त्यानं योजनेच्या खर्चाला द्यायचा. माझ्या खात्यात नवीन मुलं आली की मी त्यांना आधी हे कलम वाचायला द्यायचो. रस्त्यामुळे श्रीमंत झालेल्यानं रस्त्याचे पैसे द्यावेत, यापेक्षा न्यायाची गोष्ट कोणती? आज मेट्रोचं स्टेशन होणार अशी नुसती बातमी आली तरी आजूबाजूच्या जागांचे भाव चढतात, आणि त्या चढलेल्या भावातून शहराकडे फार थोडं परत येतं. हे पाहिलं की शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा तो निम्मा हिस्सा मला आठवतो.

१९४८. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रथमच प्रौढ मताधिकारानं झाली. भाड्याची अट गेली, पट्टीची अट गेली. आजोबा तोवर खोकल्यानं अंथरुणाला खिळले होते, तरी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून मत द्यायला गेले. आजी पहिल्यांदाच गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरी आमच्याकडे ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती मी पाहिली असंच मला वाटतं. निवडणुकीच्या आधी एक उमेदवार चाळीच्या चौकात आला होता, देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि तो देशाबद्दल बोलत होता. बोलून झाल्यावर आजीनं माडीवरून विचारलं, "भाऊ, मजल्याला दुसरा नळ देणार का?"

त्यानं हो म्हटलं. मग तीन वर्षं काही झालं नाही. चाळीतल्या बायका दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या घरी जाऊन बसायच्या, कामाचा मोबदला मागायला बसावं तशा. मालक म्हणे, नळ महापालिकेनं द्यावा. महापालिका म्हणे, आतली पाइप मालकानं टाकावी. शेवटी पाइपच्या खर्चासाठी बायकांनी प्रत्येक खोलीमागे दोन रुपये काढले, बाकीचे मालकानं घातले, आणि १९५२ च्या पावसाळ्याआधी दुसरा नळ आला. आजीनं त्याला हळदकुंकू लावलं. एका मजल्यावरच्या एका नळासाठी नगरसेवक, महापालिका, मालक आणि दोन-दोन रुपये काढणाऱ्या चाळीस बाया लागल्या. शहराची सुधारणा म्हणतात ती मला अजून याच मापानं समजते. पैसे तर आजी आधीही देत होती, तांदळातून आणि भाड्यातून. १९४८ नंतर फरक पडला तो इतकाच की तिला जाऊन बसता आलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९६५ पासून मुंबईत जकात आली. ती महापालिकेच्या उत्पन्नाचा मुख्य खांब झाली. नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, गैरप्रकारही होत, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ती शहराची स्वतःची मिळकत होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर ती गेली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारकडून दरमहा भरपाई यायला लागली. मिळकत आणि भरपाई यात फरक आहे. कमावत्या माणसाला खर्चाला पैसे घालून द्यायला लागले तर त्याला काय वाटतं, तसाच तो फरक. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली. २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रकं निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासकानं मांडली आणि प्रशासकानंच मंजूर केली. १८७१ मध्ये ज्या गोष्टीवरून सभा भरल्या होत्या, बरोबर ती गोष्ट. या वेळी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट भरलं नाही. मला त्या तीन वर्षांत याचंच सर्वांत जास्त दुःख झालं.

माझ्या पुतण्याचं घर ४०५ चौरस फुटांचं आहे, त्याच चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत. त्याला मालमत्ता कर शून्य. तो खूश आहे आणि मीही त्याच्यासाठी खूश आहे, लहान घराला सवलत हवीच. पण परवा तो म्हणाला, "काका, आता आम्ही काही भरत नाही, तर विचारायचं तरी कशाला?" मी त्याला त्याच्या महिन्याच्या किराण्याचं बिल आणायला सांगितलं आणि खालच्या ओळीतले जीएसटीचे आकडे पेन्सिलीनं गोल केले. आजीचं तांदळाचं पोतं तिथेच होतं.

एक हिशोब मात्र मला कधी पुरा करता आला नाही. १८९२ मध्ये तानसा तलावाचं उद्घाटन व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांच्या हस्ते झालं. तिथून पन्नासहून अधिक मैल उतारानं धावत पाणी मुंबईला येतं. आमच्या चाळीचा नळ त्यावरच जगला. नंतर मोडक सागर आलं, भातसा आलं. ही धरणं शहापूर तालुक्यातली आणि त्याच्या आसपासची. निवृत्त झाल्यावर, एका मे महिन्यात, मी तिकडे गेलो. जलवाहिनीच्या कडेकडेनं रस्ता आहे, माणसाहून उंच पाइप, आणि कान लावला तर आत पाण्याचा घुमारा ऐकू येतो. त्या रस्त्यापासून आत डोंगराकडे एक पाडा होता. पाड्याच्या तोंडाशी प्लास्टिकचे पिंप, हंडे, कळशा यांची रांग लागलेली, आणि रांगेच्या सावलीत बाया बसलेल्या. टँकरची वाट पाहत होत्या.

मी मुंबईहून आलो हे कळल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "तुमच्याकडं पानी किती वाजता येतं?"

"पहाटे चारला. सहापर्यंत असतं."

तिनं मान हलवली. "आमचा टँकर दुपारला येतो. आला तर."

बत्तीस वर्षं मी बिलांचे रकाने भरले. पाणीपट्टी, जललाभ कर, मलनिःसारण कर, पथकर, वृक्ष उपकर, शिक्षण उपकर. तिच्या नावाचा रकाना मी कधी भरला नव्हता. टँकर साडेतीनला आला. मी तिचे दोन हंडे उचलून तिच्या ओटीपर्यंत नेले आणि शेवटच्या एसटीनं परत फिरलो.